कृष्णवर्णीयांचा मुक्तिलढा आणि कामगारांचा इतिहास: एकच पुस्तक घ्यायचं तर कुठलं?

स्नेहल_सोलापूर

आमचा छोटा वाचनगट आहे. काही शिक्षक, विडी कामगार संघटनेतल्या एक ताई, बाकी एम.ए.ची पोरं. 'गुलामगिरी' सगळ्यांनी वाचलीय. 1873 साली जोतीरावांनी ती अमेरिकेत गुलामगिरी मोडायला झटलेल्या लोकांना अर्पण केली, हे तोंडपाठ. 1972 ची दलित पँथर ओकलंडच्या ब्लॅक पँथरकडे बघून निघाली, हेही. पण तिकडच्या माणसांनी स्वतःचा इतिहास कसा लिहिला, यावर आम्ही कोरे. कुणीतरी सेड्रिक रॉबिन्सन यांचं 'ब्लॅक मार्क्सिझम' सुचवलं, तर पहिल्याच प्रकरणात निम्मे गळाले. याद्या नकोत, त्या ढिगाने मिळतात. एकच पुस्तक सांगा, आणि का ते सांगा.

परळकर

रॉबिन्सन तूर्त बाजूला ठेवा. पुस्तक मोलाचं आहे, पण 1983 सालचं ते लिखाण ड्यू बॉइस, सी. एल. आर. जेम्स आणि रिचर्ड राइट या तीन कृष्णवर्णीय लेखकांना धरून पुढे जातं. तेच वाचलेले नसतील तर पोरं गळणारच.

माझं मत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइसला. 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका', 1935. पानं सातशेच्या वर, म्हणून पहिल्या पानापासून सुरू करायच्या फंदात पडू नका. चौथं प्रकरण उघडा, 'द जनरल स्ट्राइक'.

त्याआधी गटाला एवढी गोष्ट सांगा. मे 1861. अमेरिकेत फुटून निघालेली गुलामगिरीवाली दक्षिण विरुद्ध उत्तर असं यादवी युद्ध पेटून जेमतेम सहा आठवडे झालेत. व्हर्जिनियात तीन गुलाम रात्रीचे होडीत बसून फोर्ट मन्रो या उत्तरेच्या किल्ल्यावर आले. त्यांना दक्षिणेच्या फौजेसाठी तोफांचा मोर्चा बांधायला जुंपलं होतं. मागोमाग मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन हजर: फरारी गुलामांचा कायदा आहे, आमचा माल परत करा. किल्ल्यावरचा जनरल बटलर मूळचा वकील. तो म्हणाला, व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते ना, मग आमच्या देशाचा कायदा तुम्हाला कशाला हवा? शत्रूच्या कामी येणारा माल म्हणून त्याने तिघांना ठेवून घेतलं. (त्याला गुलामांचा कळवळा वगैरे काही नव्हता, मजूर हवे होते.) बातमी फुटली आणि मळ्यांवरून बायकापोरांसकट माणसांची रीघ लागली.

ड्यू बॉइसचं म्हणणं असं की ही नुसती पळापळ नव्हती. कामाच्या अटींविरुद्धचा तो संप होता आणि शेवटी त्यात 5 लाखांच्या आसपास माणसं उतरली. दक्षिणेच्या फौजेला पोसणारं काम खिळखिळं झालं आणि उत्तरेच्या सैन्यात-नौदलात मिळून जवळपास 2 लाख कृष्णवर्णीय भरती झाले. लिंकनने बेड्या तोडल्या, एवढ्यावर भागवणारा इतिहास इथे उलटापालटा होतो. अनुक्रमणिकाच बघा. पहिलं प्रकरण काळ्या कामगारावर, दुसरं गोऱ्या कामगारावर, तिसरं मळेवाल्यावर. लिंकनच्या नावाचं प्रकरणच नाही.

मला मात्र त्यानं धरलं ते बरंच पुढे. दक्षिणेतला गरीब गोरा मजूर काळ्या मजुराच्या बाजूने का उभा राहिला नाही, असा प्रश्न तो घेतो. उत्तर: हातात पगार तुटपुंजा, पण वर एक मानाचा पगार मिळायचा. सार्वजनिक बागेत मोकळीक, बोलताना लोकांची अदब, पोलीसही त्याच्यातलाच. माझे वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते. कांडी संपली की नवीन कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचा. विटाळ नको म्हणून अस्पृश्य कामगाराला एकेकाळी साचेखात्यात घेतच नसत, आणि पगार बरा तो तिथेच. मुंबईच्या गिरण्यांच्या 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्यांपुढे रोखठोक ठेवला. वर्ग आधी की जात आधी, यावर तावातावाने भांडणाऱ्या त्या वेळच्या पुढाऱ्यांनी ड्यू बॉइसची ही पानं वाचायला हवी होती, पण ती लिहूनच व्हायची होती!

शेवटची संदर्भसूची पण चाळा. वाचकाने सूची वाचून हसावं असं क्वचितच होतं. कुठला इतिहासकार काळ्यांना माणूस समजतो आणि कुठला समजत नाही, याप्रमाणे त्याने पुस्तकांचे गट पाडलेत.

एक उणीव सांगतो. या संपात बायका जवळपास दिसत नाहीत. त्यासाठी अँजेला डेव्हिसच्या 'विमेन, रेस अँड क्लास'चं (1981) पहिलं प्रकरण जोडून घ्या.

मंगळवेढेकर

परळकरकाका, मान्य, पण हा प्राध्यापकी रस्ता झाला. विडीवाल्या ताईंना काय द्याल? मी म्हणेन 'ऑल गॉड्स डेंजर्स', 1974. नेड कॉब हा अलाबामाचा निरक्षर शेतकरी. 1932 च्या डिसेंबरात शेरीफची माणसं शेजाऱ्याची जनावरं जप्त करायला आली. हा कूळ-शेतकऱ्यांच्या युनियनचा माणूस, आडवा उभा राहिला. गोळ्या खाल्ल्या, बारा वर्षं तुरुंगात काढली, पण साथीदारांची नावं सांगितली नाहीत. म्हातारपणी थिओडोर रोझनगार्टन हा तरुण त्याच्याकडे गेला आणि विचारलं, युनियनमध्ये का गेलात? कॉबने गवताची गाडी नेत होतो तिथून सुरुवात केली ती आठ तास बोलत राहिला! आपल्याकडची कुठलीही आजी अशीच बोलते.

अभिजित_लेस्टर

सी. एल. आर. जेम्सचं 'द ब्लॅक जॅकोबिन्स' (1938) कुणीच पुढे करत नाही? हैतीच्या क्रांतीवर इतकं चढत्या लयीत कुणी लिहिलेलं नाही. उसाच्या मळ्यांवर आणि साखरेच्या घाण्यांवर शेकड्यांनी एकत्र राबणारे गुलाम त्या काळच्या कुठल्याही मजुरांपेक्षा आधुनिक कामगारवर्गाच्या जवळ होते, हा त्याचा मुद्दा. साखरपट्ट्यातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. शिवाय हा बाबा मँचेस्टर गार्डियनसाठी क्रिकेटच्या बातम्या द्यायचा, एवढ्यावर एम.ए.ची पोरं बसतील.

परळकर

@मंगळवेढेकर, कॉबवर माझा आक्षेप नाही, उलट तो मोठ्याने वाचून दाखवायला फार चांगला. फक्त एकट्या कॉबवरून त्याची युनियन कळत नाही. ती कोणी बांधली, अलाबामातल्याच बर्मिंगहॅमच्या ओतशाळांतले कामगार त्यात कसे आले, हे रॉबिन केलीच्या 'हॅमर अँड हो' (1990) मध्ये आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

@अभिजित, जेम्स दुसऱ्या महिन्यात. हैतीच्या क्रांतीचा पुढारी टूसाँ लुव्हेर्त्यूर त्यात इतका देखणा नायक आहे की मळ्यावरची माणसं मागे राहतात.

स्नेहल_सोलापूर

काका, ठरलं, ड्यू बॉइस. ताईंसाठी कॉबची सुरुवात मी वाचून दाखवते आणि तिथल्या तिथे मराठीत सांगते. चौथं प्रकरण एका बैठकीत होईल का?

परळकर

तीसेक पानं आहेत, होईल. जमल्यास सुरुवातीला बाबासाहेबांचं ड्यू बॉइसना लिहिलेलं पत्र वाचा, 1946 चं. तिकडच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केलाय असं कळलं, त्याच्या प्रती पाठवा, असं मागणं आहे. ड्यू बॉइसचं उत्तर त्याच वर्षीच्या 31 जुलैचं. दोन्ही मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात नेटवर फुकट बघायला मिळतात. छापून आणा, ताईंच्या हातात द्या.