बंद पडलेल्या डिस्टिलरीची जुनी सिंगल ग्रेन: कॅम्बस की पोर्ट डंडस?

निशिगंधा_एडिंबरा: पुढच्या महिन्यात पुण्याला जातेय, मामाची साठी आहे. सिंगल माल्ट त्याला सगळेच देतात, म्हणून यंदा जुनी सिंगल ग्रेन, म्हणजे एकाच डिस्टिलरीत मका किंवा गव्हापासून बनलेली व्हिस्की, न्यावी म्हणते. इथल्या दुकानात दोन आहेत, दोन्ही तिशी ओलांडलेल्या: कॅम्बस रिफिल हॉग्सहेडमधली (आधी वापरलेल्या पिंपातली) आणि पोर्ट डंडस शेरी पिंपात फिनिश केलेली (शेवटी काही काळ शेरी वाइनच्या पिंपात मुरवलेली). मामा व्हिस्कीत पाण्याशिवाय काही घालत नाही. जाणकारांनी सांगा.

रानवारा: डोळे मिटून कॅम्बस घे. ग्रेनचं स्पिरिट मका किंवा गव्हापासून, कॉलम स्टिल नावाच्या उंच खांबासारख्या भट्टीतून काढतात. ते मुळात हलकं असतं, त्यामुळे चव बरीचशी लाकूड घडवतं. रिफिल पिंपात हे काम सावकाश होतं आणि तीस वर्षांनी ताज्या खोबऱ्याच्या वडीसारखा वास येतो, मागे व्हॅनिला. शेरीचं पिंप तगडं असलं तर हे सगळं झाकून टाकतं. मग बंद डिस्टिलरीचे पैसे मोजून शेरीच प्यायची का?

शिवाय कॅम्बसला गोष्ट आहे. १९०५-०६ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टनमध्ये ग्रेनला व्हिस्की म्हणावं की नाही, यावर खटला झाला. तेव्हा कॅम्बसची मालक असलेल्या डीसीएल कंपनीने निव्वळ कॅम्बसची ग्रेन बाटलीत भरून वर्तमानपत्रात तिची जाहिरात केली. १९०९ मध्ये सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशनने ग्रेनच्या बाजूने कौल दिला. १९१४ ला डिस्टिलरीत आग लागली, ती पुन्हा चालू झाली १९३८ ला आणि १९९३ ला कायमची बंद पडली. आता तिथे डियाजिओ या मद्य कंपनीची पिंपं दुरुस्त करणारी कूपरेज आहे. मामांना हे नक्की सांग.

सोनकी: कॅम्बसला माझंही मत. फक्त लेबलवर डिस्टिलेशन आणि बॉटलिंग, दोन्ही वर्षं बघून घे, आणि ती कास्क स्ट्रेंग्थ (पाणी न मिसळता पिंपातून थेट भरलेली) आहे का तेही. मामा पाणी घालतात ना, मग ५० टक्के अल्कोहोलच्या आसपासची असली तर थेंब-थेंब पाण्याने छान खुलेल. ४३ ची असेल तर पाण्याला हात जपूनच लावायला सांग. जुनी ग्रेन चटकन पातळ पडते आणि मग नुसता लाकडाचा तुरटपणा उरतो.

रानवारा: बरोबर. आणि ओतल्याबरोबर नेलपॉलिशसारखा उग्र वास आला तर मामांनी घाबरू नये. पंधरा-वीस मिनिटं ग्लासात तशीच ठेवली की तो उतरतो.

निशिगंधा_एडिंबरा: मनापासून आभार! कॅम्बसची किंमत बघून मात्र पोटात गोळा आला.

सोनकी: मग इन्व्हरगॉर्डन किंवा नॉर्थ ब्रिटिश बघ. दोन्ही चालू डिस्टिलऱ्या आहेत, त्यामुळे त्याच वयाची बाटली बरीच स्वस्त मिळते, आणि चांगलं पिंप असेल तर चवीत काही कमी पडत नाही. पण साठीची भेट आहे आणि झेपत असेल तर कॅम्बसच घे. नवा माल बनत नाही, उरलेली पिंपं संपत चालली आहेत. ड्युटी-फ्रीमधूनही काही घेणार असशील तर भारतात माणशी दोन लिटरचीच सूट आहे, तेवढा हिशेब धर. आणि घरी पोचल्यावर बाटली उभी ठेवायला सांग, आडवी ठेवली तर बूच खराब होतं.