सहा इंग्रजी शब्द, सगळे ‘ग्ल’चे, आणि कोशात सगळ्यांना एकच ‘चमकणे’?

एका इंग्रजी कथेचा अनुवाद करतेय. एकाच पानावर ग्लिटर, ग्लीम, ग्लिसन, ग्लिंट, ग्लिमर आणि ग्लो असे सहा शब्द आलेत. हाताशी असलेल्या कोशात सहाही ठिकाणी ‘चमकणे’, फार तर ‘चकाकणे’. त्यामुळे माझ्या पहिल्या खर्ड्यात पानावरचा थेंब चमकतो, सुरी चमकते, निखारा चमकतो आणि शेवटी नायिकेचे डोळेही चमकतात. वाचून माझी मलाच शिसारी आली. यांत नेमका फरक काय? आणि सगळे ‘ग्ल’नेच सुरू होतात हा योगायोग समजायचा का?

* * *

फरक आहे, आणि चांगला ठळक आहे. मी अशा वेळी दोनच गोष्टी बघतो: काय चमकतंय आणि किती वेळ.

ग्लिसनला ओल लागते. पाणी, घाम, तेल, काहीतरी हवंच. पावसानंतरचं पान, घामेजलेलं कपाळ, पाणावलेले डोळे. तुमच्या नायिकेचे डोळे ग्लिसन होत असतील तर ते चमकत नाहीयेत, भरून आलेत! तिथे ‘चमकले’ लिहिलंत तर वाचकाला वाटेल तिला काहीतरी युक्ती सुचली. (उच्चारात ‘ट’ नाही, लिहिताना मात्र आहे.)

ग्लीम ही गुळगुळीत, घासूनपुसून लख्ख केलेल्या वस्तूची स्थिर लकाकी. ग्लिंट त्याच्या उलट, क्षणभराची आणि टोकदार. सुरी हातात फिरताना पात्याच्या एका कोनावर उजेड लकाकून जातो तेवढाच. डोळ्यांतला ग्लिंटही तसाच, खोडकर किंवा कावेबाज. ग्लिटर म्हणजे अनेक ठिपक्यांची हलती चमचम, टिकल्या लावलेल्या कापडासारखी. ग्लिमर म्हणजे मिणमिणणं, लुकलुकणं. ‘ग्लिमर ऑफ होप’ला आपण सरसकट ‘आशेचा किरण’ म्हणतो, पण किरण फार ठाम झाला. मूळ आशा मिणमिणती आहे, फुंकर मारली तर विझेल अशी.

ग्लोबद्दल मात्र जरा थांबायला हवं, कारण इथे मराठी इंग्रजीला मागे टाकते. ग्लोमध्ये ज्योत नसते, भडका नसतो. आतून येणारा शांत, उबदार उजेड. राखेखाली निखारा काळपट दिसतो, हळूच फुंकलं की कडेपासून लाल होत जातो. त्याला मराठीत काय म्हणतात? निखारा ‘फुलला’. तापलेलं लोखंड ‘रसरसतं’. चेहऱ्यावरचा ग्लो असेल तर तेज आहे, टवटवी आहे, कांती आहे. एवढं असताना ‘निखारा चमकला’ म्हणजे शब्दांची श्रीमंती कुलुपात ठेवून उसनवारी करणं.

‘ग्ल’बद्दल: योगायोग नाही, इंग्रजीत हा ध्वनिगट उजेड सुचवतो. अशा अर्थ सुचवणाऱ्या ध्वनिगटाला जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने १९३० साली ‘फोनेस्थीम’ हे नाव दिलं. नाकाशी संबंधित ‘स्न’ घ्या: स्नीझ म्हणजे शिंकणे, स्नोअर म्हणजे घोरणे, स्निफ म्हणजे हुंगणे, स्नाउट म्हणजे मुस्कट.

* * *

ग्लेअर, ग्लान्स, ग्लिम्प्स राहिले की. ग्लेअर म्हणजे डोळे दिपवणारा झगझगाट, आणि रागाने डोळे वटारून बघणंही. ग्लान्स आणि ग्लिम्प्सची गल्लत सगळेच करतात. ग्लान्स आपण टाकतो, ग्लिम्प्स आपल्याला मिळते. एक नजर, दुसरी झलक. ग्लान्सचा जुना अर्थ घसरून जाणे. म्हणून ‘ग्लान्सिंग ब्लो’ म्हणजे निसटता घाव.

* * *

मला हे पटत नाही. ग्लू म्हणजे डिंक, ग्लव्ह म्हणजे हातमोजा. यांत कुठला उजेड? आणि ग्लूम तर चक्क अंधार! सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाने सांगून ठेवलंय की शब्द आणि अर्थ यांचं नातं यादृच्छिक असतं, म्हणजे आवाजावरून अर्थ ठरत नाही. सोयीचे शब्द वेचले की कुठलंही अक्षर कशाचंही होतं.

* * *

आक्षेप रास्त आहे. हा नियम नाही, कल आहे. ग्लू लॅटिनमधून आलाय, त्याचा या घराण्याशी संबंध नाही. पण काही अपवाद वाटतात तेवढे अपवाद नसतात. ग्लॅड म्हणजे आनंदी, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘तेजस्वी, लखलखीत’ असाही होता. उलट ग्लॅमर बाहेरून घुसलेला. तो निघाला ग्रामर या शब्दापासून! व्याकरण म्हणजे विद्या, विद्या म्हणजे गूढ मंत्रतंत्र, असं करत स्कॉटिश बोलीत ग्लॅमर म्हणजे जादू, नजरबंदी झाली. आज त्यातून झगमगाट आठवतो. शेजारी सगळे ‘ग्ल’वाले उजेडाचे असल्यावर त्यालाही थोडा लागला असावा, असं आपलं माझं मत.

आणि हे खूळ आजचं नाही. अनंतासाठी आडव्या आठाचं चिन्ह वापरात आणणारा गणिती जॉन वॉलिस याने १६५३च्या लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात अशा ध्वनिगटांची नोंद केलीय. डब्ल्यू-आरने सुरू होणाऱ्या शब्दांत त्याला वाकडेपणा आणि पीळ दिसला. रिंग म्हणजे पिळणे (अंगठी नव्हे, तिला डब्ल्यू नाही), रेंच म्हणजे हिसडून पिरगळणे, रिस्ट म्हणजे जिथे हात वळतो ते मनगट. राँगचा मूळ अर्थही ‘वाकडा’. आपल्याकडे पाऊल वाकडंच पडतं ना?

मराठीत ‘झ’ बघा. झगमग, झगझगीत, झळाळी, झळकणे, झिलई, झलक. आता कुणी ‘मग झाड आणि झोप?’ असं विचारायच्या आत सांगतो, ते आपले ग्लू आणि ग्लव्ह.

* * *

पान पुन्हा लिहून काढलं. थेंब आता ‘ओलसर लकाकतो’ (याहून बरं सुचवा), निखारा फुलतो, खिडकीतला दिवा मिणमिणतो, डोळे भरून येतात. ‘चमकणे’ एकदाच ठेवलंय, सुरीला. ‘पातं लकाकून गेलं’ करून पाहिलं, पण लगेच आधी थेंब लकाकलाय. दोघांपैकी एकाला जागा सोडावी लागेल.

* * *

थेंबाला सोडायला लावा. ‘पानावर थेंब तुकतुकत होता’ कसं वाटतं?

* * *

तुकतुकीत कातडी असते हो, थेंब नाही.