मदत हवी आहे: खोक्यातल्या टेबल फुटबॉलमध्ये बॉल सारखा अडकतोय

वैतागलेला मामा
भाच्यांबरोबर खोक्याचा टेबल फुटबॉल बनवलाय. आडव्या दांड्या, त्यांना कपड्यांचे चिमटे, नेहमीसारखाच. सगळं नीट केलंय, पण बॉल सारखा अडकतो. दर वेळी हात घालून काढावा लागतो आणि मग "मामाने मुद्दाम त्याच्याकडे टाकला" यावरून मारामारी. शिवाय दांडी फिरवली की चिमटे जागेवरच राहतात. संध्याकाळी दोघांची फायनल ठरली आहे, तोवर उपाय सांगा. व्हिडिओच्या लिंका देऊ नका, सगळे बघून झालेत. त्यात कुणाचाच बॉल अडकत नाही.

ओळंबा
कुठे अडकतो? कोपऱ्यात, भिंतीलगत की दोन दांड्यांच्या मधे? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. खोक्याचं माप काय, दांड्या किती, बॉल कसला?

वैतागलेला मामा
सगळीकडेच अडकतो. खोकं नेहमीचं. बॉल साधा.

ओळंबा
"नेहमीचं" म्हणजे बुटांचं? आणि साधा बॉल म्हणजे काय हो? गोटी, टेबल टेनिसचा, कागदाचा बोळा?

रेघोट्या
फोटो टाका.

वैतागलेला मामा
फोटो चढत नाहीये. कुणी थेट उपाय सांगेल का?

बटणराव
थेट उपाय सांगतो: दांड्या काढून फेका. मोठी बटणं गोळा करा. एका बाजूला दहा मोठी बटणं, गोलीला काडेपेटी. बॉल म्हणजे शर्टाचं छोटं बटण. एका बटणाने दुसऱ्या बटणाची कड दाबायची, ते उडतं आणि बॉलला लागतं. ब्राझीलमध्ये मोठी माणसं हा खेळ स्पर्धा भरवून खेळतात. इंग्लंडमध्ये १९४७ मध्ये 'सब्यूटिओ' या अशाच खेळाचे पहिले संच निघाले, त्यातले खेळाडू पुठ्ठ्याचे होते आणि बटणाच्या बैठकीत खोचलेले. मैदान तर संचात नव्हतंच. खडू दिलेला असायचा, घरातल्या जुन्या ब्लँकेटवर रेषा आखून घ्यायच्या. अडकायला भिंतच नाही, तर बॉल अडकेल कुठे?

खटपट्या
पलंगाखाली अडकेल.

बटणराव
तो खेळणाऱ्याचा दोष.

विणकर काकू
दांड्या कसल्या घेतल्यात? बांबूच्या बारीक काड्या असतील तर मधे वाकतात. वाकल्या की चिमट्याचे पाय तळाला टेकतात आणि दांडी फिरतच नाही. विणकामाच्या सुया वापरा, सरळ राहतात, एका टोकाला बोंडही असतं. मी नातवंडांना तशाच करून दिल्या, वर्षभर टिकल्या.

खटपट्या
काकू, सुईचं दुसरं टोक समोरच्या पोराच्या पोटात जाईल ना. दांडी पलीकडून बाहेर येते हे विसरू नका. गोल लाकडी काठीच हवी, दोन्ही टोकांना पुठ्ठ्याची चकती चिकटवून.

विणकर काकू
टोकाला खोडरबर खोचायचं. एवढं तर कळतं.

निवांत
मुलांना मोबाईलपासून दूर ठेवताय त्याबद्दल आधी अभिनंदन! आजकाल कुठे दिसतं हे. हातांनी काही बनवलं की एकाग्रता वाढते, सहनशक्ती वाढते.

वैतागलेला मामा
माझी सहनशक्ती संपत आली आहे.

दांड्या गोल लाकडी आहेत, बोटाएवढ्या नाहीत, पेन्सिलीपेक्षा जरा बारीक. चार आहेत. खोकं प्रिंटर आला होता त्याचं, झाकणाच्या बाजूने कापून उथळ केलंय. लांबी साधारण ५० सेंमी. बॉल म्हणजे मोठा लाकडी मणी आहे, २ सेंमीचा असेल.

ओळंबा
हां, आता बोललात. यात बरंच काही आहे, नीट वाचा.

पहिलं, मणी. मण्याला आरपार भोक असतं आणि भोकाच्या दोन्ही तोंडांशी तो सपाट असतो. घरंगळताना कधीतरी त्या सपाट बाजूवर बसणार आणि थांबणार. मणी हा बॉल नव्हे.

दुसरं, ५० सेंमीत चार दांड्या म्हणजे दोन रांगांमधे सुमारे १२ सेंमी अंतर. चिमट्याचा पाय दांडीपासून ६ सेंमी खाली येत असेल आणि तळापासून चार-पाच मिलिमीटर वर असेल, तर २ सेंमीच्या बॉलला तो दांडीच्या एका बाजूला फार तर साडेचार सेंमीपर्यंत स्पर्श करेल. पलीकडच्या रांगेचेही तेवढेच. झाले ९. मधला तीन सेंमीचा पट्टा कुणाच्याच पायाखाली येत नाही. बॉल तिथे थांबला की मामाचा हात आलाच.

आकडेमोड नको असेल तर असं करा. बॉल दांडीखाली ठेवा, पाय फिरवा, बॉल थोडा लांब सरकवा, परत फिरवा. पाय लागेनासा झाला तिथे पेन्सिलने रेघ मारा. समोरच्या दांडीवरूनही तसंच. दोन रेघांमधे जागा उरली तर ती मेलेली जागा.

खटपट्या
एवढं गणित कशाला? कडेकडेने पुठ्ठ्याच्या तिरक्या पट्ट्या लावा म्हणजे तळाला उतार येईल. बॉल आपोआप मधे येतो. मोठ्या टेबलांतसुद्धा कोपरे उचललेले असतात.

ओळंबा
कोपरे उचललेले असतात, बरोबर. पण ह्यांचा बॉल दोन रांगांच्या मधे मरतोय. कडेच्या उताराने तो मधे येईल आणि मधे येऊन तिथेच बसेल.

खटपट्या
ते त्यांनी कुठे सांगितलंय? "सगळीकडेच" म्हणाले. मी चार खेळ बनवून बसलोय, कोपऱ्यांच्या पट्ट्यांशिवाय एकही चालला नाही.

ओळंबा
तुमची खोकी बुटांची होती का?

खटपट्या
हो. मग?

ओळंबा
मग बरोबर. बुटांच्या खोक्यात चार दांड्या सात-आठ सेंमीवर येतात, मेलेली जागा जवळपास उरतच नाही. तुमचा प्रश्न फक्त कोपऱ्यांचा होता.

इतिहासप्रेमी
या खेळाचं पेटंट हॅरॉल्ड थॉर्नटन या इंग्रज गृहस्थाच्या नावावर १९२३ मध्ये नोंदलं गेलं. हल्लीच्या मोठ्या टेबलावर आठ दांड्या असतात, प्रत्येकाच्या चार: गोली एक, बचावाला दोन, मधल्या फळीत पाच, पुढे तीन. म्हणजे अकरा. तुमच्या चार दांड्यांत अकरा जण कसे बसवलेत?

वैतागलेला मामा
एका दांडीवर तीन, दुसरीवर दोन. पाच-पाचची टीम आहे. अकरा चिमटे लावले तर कपडे कशाने वाळत घालू?

@ओळंबा, रेघा मारून पाहिल्या. मधे जागा उरते हे खरं. पण भोकं पाडून झालीत, आता आणखी दांड्या घालायच्या म्हणजे सगळंच परत. दुसरा मार्ग?

ओळंबा
बॉल मोठा घ्या. टेबल टेनिसचा बॉल ४० मिमीचा असतो. बॉल मोठा झाला की पायाला तो लांबूनच लागतो. त्याच चिमट्याचा पल्ला एका बाजूला साडेसहा सेंमीपर्यंत जातो. दोन्हीकडून मिळून तेरा. तुमचं अंतर बाराच. भोकांना हात न लावता काम होईल.

विणकर काकू
तो बॉल पिसासारखा हलका. एक फटका आणि खोक्याबाहेर. दिवसभर मामा बॉल शोधत फिरणार.

ओळंबा
२.७ ग्रॅमचा असतो, हलका आहेच. त्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन-तीन थर सारखे गुंडाळा. वजन वाढतं, टप्पा कमी होतो. घडी पडू देऊ नका, नाहीतर बॉल वाकडा धावेल. आणि खोक्याच्या भिंती उंच ठेवा. तुम्ही उथळ कापलंय म्हणालात, किती?

वैतागलेला मामा
दांडीच्या वर दोन बोटं. पुठ्ठ्याचे तुकडे उरलेत, वर जोडतो.

गोगलगाय
मुलं किती वर्षांची आहेत? घरात अगदी लहान कुणी आहे का? आधी हेच विचारायला हवं होतं.

वैतागलेला मामा
नऊ आणि सहा. एक दीड वर्षाची भाची आहे, ती खेळत नाही, फक्त सामान पळवते.

गोगलगाय
म्हणूनच विचारलं. दोन सेंमीचा मणी तिच्या आसपास अजिबात नको. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला बॉल पावणेदोन इंचापेक्षा मोठा असावा लागतो, कारण त्याहून लहान बॉल घशात बसू शकतो. त्या हिशेबाने टेबल टेनिसचा बॉलही लहानच. खेळ संपला की बॉल मोजून वरच्या फळीवर. आणि कुणी लोहचुंबकाच्या हॉकीची आयडिया देणार असेल तर हात जोडते, ह्या घरात नको. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना ओढून आतडं फाटू शकतं.

रेघोट्या
मी तीच लिहायला आलो होतो. पुसतो.

पानपलटू
एवढी सगळी तोडफोड करण्यापेक्षा पुस्तक क्रिकेट खेळा की! पुस्तक उघडायचं, डावीकडच्या पानाचा शेवटचा आकडा म्हणजे धावा, शून्य आलं की आऊट. चिमटे नकोत, बॉल नको.

इतिहासप्रेमी
डावीकडचं पान नेहमी सम. म्हणजे ०, २, ४, ६, ८ एवढेच आकडे. पाचात एकदा आऊट. एकेरी धाव नसलेलं क्रिकेट!

पानपलटू
आठ आला की एक धाव धरतात. मिटला प्रश्न.

बटणराव
आठला नो बॉल असतो.

पानपलटू
कोण म्हणतं?

वैतागलेला मामा
अहो, माझा फुटबॉल! बॉल बदलला, टेप लावली. आधीपेक्षा बराच बरा धावतो, पण अजूनही अधूनमधून दचकल्यासारखा थांबतो. रेघेच्या आतच, म्हणजे मेलेल्या जागेत नाही.

ओळंबा
तळ सपाट आहे का? असल्या खोक्याचा तळ चार पाळ्या दुमडून बनतो, मधोमध फट राहते आणि ती खाली दबते. आत एक सलग पुठ्ठा कापून बसवा. पन्हळी पुठ्ठा असेल तर आतल्या नळ्या गोलपोस्टकडून गोलपोस्टकडे जाव्यात, आडव्या नकोत. आडव्या असल्या तर बॉल प्रत्येक उंचवट्यावर अडखळतो.

वैतागलेला मामा
सलग पुठ्ठा पहिल्यापासून आहे. त्याच्यावरच तर गवत लावलंय.

ओळंबा
काय लावलंय?

वैतागलेला मामा
गवत. हिरव्या कागदाच्या पट्ट्यांना कात्रीने झालर कापून चिकटवलीय. मैदान आहे ना. दोघांनी दोन दुपारी तेच केलंय.

खटपट्या
आणि आम्ही इथे उतार आणि सेंटीमीटर मोजतोय. :)

रेघोट्या
फोटो टाका म्हणालो होतो.

ओळंबा
मामा, गवत काढा. हिरवा रंग द्या, रेषा आखा.

वैतागलेला मामा
काढू देणार नाहीत. धाकटा गवतावर हात ठेवून बसलाय.

गोगलगाय
फेकायचं नाही, हलवायचं. पुठ्ठा गवतासकट उचलून खोक्याबाहेर चारही बाजूंना लावा, प्रेक्षकांची हिरवळ म्हणून. त्यावर पुठ्ठ्याचे प्रेक्षक उभे करायचं काम धाकट्याला द्या. आत दुसरा गुळगुळीत पुठ्ठा. कापायचं काम मात्र तुमचं, त्यांच्यासमोर. तुम्ही लपून काढलंत तर संध्याकाळची फायनल विसरा.

बटणराव
ब्लँकेटवर खेळले असते तर गवताची गरजच पडली नसती.

विणकर काकू
आणि दांडी फिरवली की चिमटे जागेवरच राहतात त्याचं काय? ते कुणी सांगितलंच नाही. चिमटा जिथे धरतो तिथे दांडीवर रबरबँड घट्ट गुंडाळा आणि त्यावर चिमटा लावा. लगेच ग्लू गन घेऊन बसू नका, चिकटवलेला चिमटा नंतर डावी-उजवीकडे सरकवता येत नाही. भिंतीला लागून बॉल राहिला तर कडेचा चिमटा बाहेर सरकवावा लागेल, तेव्हा आठवण येईल माझी.

ओळंबा
काकूंशी सहमत. दांडी पूर्ण आत ढकलली की कडेचा चिमटा भिंतीला जवळजवळ टेकला पाहिजे. दोन्ही भिंतींना तपासा.

वैतागलेला मामा
प्रेक्षकांची हिरवळ मान्य झाली. धाकट्याला दोन प्रेक्षक स्वतःच्या बाजूला जास्त हवे होते, दिले. रबरबँडने चिमटे बसले. बॉल आता खरंच फिरतोय, आतापर्यंत एकदाच हात घालावा लागला.

पण भोकं मोठी होत चाललीत. दांडी खडखडते आणि खाली बसते.

खटपट्या
हे माझ्यावर सोडा. बाटलीची प्लॅस्टिकची झाकणं घ्या, मधे दांडीच्या मापाचं भोक पाडा (भोक तुम्ही पाडा, मुलांना देऊ नका), आणि खोक्याच्या भिंतीला बाहेरून भोकावर चिकटवा. पुठ्ठ्याऐवजी झाकण भार घेतं. चार दांड्यांना आठ झाकणं. चिकटवताना दांडी आत घालून ठेवा, म्हणजे समोरासमोर सरळ येतील.

वैतागलेला मामा
लावली. आता दांडी घासते. तेल टाकू का?

खटपट्या
तेल नको! पुठ्ठा पिऊन टाकेल आणि मऊ पडेल. दांडीवर मेणबत्ती घासा.

विणकर काकू
झाकणात येणाऱ्या भागावरच घासा. रबरबँडखाली मेण गेलं तर चिमटे परत दांडीवर घसरायला लागतील.

पानपलटू
आणि आठला एकच धाव. विचारा कुणालाही.