काकांच्या तिप्पट घरपट्टी आम्हाला का? चिमणपुऱ्यातल्या घराच्या आकारणीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. प्रश्न आईच्या वतीने विचारतेय. आमचं घर साताऱ्यात, चिमणपुरा पेठेत. मूळ वाडा एकच होता. आजोबांच्या पश्चात वाटण्या झाल्या आणि मधोमध भिंत आली. उजवा भाग काकांचा, डावा आमचा. दोन्हीकडे फक्त तळमजला, दोघांचं क्षेत्रफळ ६२ चौरस मीटर, बांधकाम एकाच वर्षाचं, वरची कौलंही सारखी. तरी काकांच्या तिपटीहून जास्त घरपट्टी आम्हाला येते.

बाबा होते तोवर ते स्वतः जाऊन भरायचे आणि पावती पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. आम्ही कधी डबा उघडला नाही. गेल्या वर्षी बाबा गेले. ते एस. टी. त होते, त्यामुळे आईला मिळते ती ईपीएस-९५ ची पेन्शन. ती किती तुटपुंजी असते ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. यंदा काकांचं आणि आमचं बिल एकाच दिवशी आलं, दोन्ही ओट्यावर शेजारी ठेवली, तेव्हा हा फरक पहिल्यांदा दिसला.

घरपट्टी नेमकी कशावर ठरते? बिलात चूक असेल तर कुठून सुरुवात करायची? आईचा प्रश्न आणखी वेगळा आहे. ती म्हणते, "कासच्या तलावाचं पाणी उतारानं आपोआप खाली येतं, मग एवढे पैसे लागतात कशाला?" तिला नीट उत्तर द्यायचं आहे. मी पुण्यात नोकरीला, तिथे ती एकटी, म्हणून सगळं समजून घेऊनच कार्यालयात जायचं म्हणतेय.

कृष्णाकाठ_७४: ताई, मी दुसऱ्या एका नगरपालिकेत कर विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. आधी एवढंच सांगा, बिलात कोणकोणते कर लावलेत? काकांच्या बिलात नसलेली एखादी ओळ तुमच्या बिलात आहे का?

धागाकर्ती: आहे! संकलित कर, वृक्ष कर आणि शिक्षण कर दोघांनाही आहेत. आमच्या बिलात 'रोजगार हमी कर' जास्तीचा आहे. रक्कम फार नाही, म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं.

कृष्णाकाठ_७४: मग गाठ सापडली. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे दोन्ही राज्य शासनाचे. नगरपालिका ते गोळा करून शासनाकडे भरते. रोजगार हमी कर निवासी वापराच्या घरावर नसतो, फक्त अनिवासी वापरावर लागतो. म्हणजे तुमच्या घराचा काही भाग नोंदीत दुकान किंवा व्यवसाय म्हणून आहे. पुढची खोली कुणाला दिली होती का?

धागाकर्ती: हो. रस्त्याकडची खोली बाबांनी २०१३ साली एका शिंप्याला दिली होती. भाडं महिना १,५००. टाळेबंदीनंतर त्यांचं काम थांबलं आणि २०२१ मध्ये ते खोली सोडून गावी गेले. तेव्हापासून तिथे आमच्या गाद्या आणि बाबांची सायकल आहे. खोली रिकामी झाल्याचं आमच्यापैकी कुणीच कळवलेलं नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

कोरेगावकडचा: हे सगळं रेडीरेकनरमुळे, म्हणजे जागेच्या सरकारी दरांमुळे होतं. सरकार दर वाढवतं आणि घरपट्टी आपोआप वाढते. आमच्या गावात तसंच झालं.

कृष्णाकाठ_७४: दादा, तुमच्या गावाचं बरोबर आहे, पण ग्रामपंचायतीची रीत निराळी. डिसेंबर २०१५ च्या नियमदुरुस्तीपासून तिथे भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या किमतीवर आकारणी होते, म्हणून रेडीरेकनरचा संबंध येतो. सातारा नगरपालिका १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली येते, आणि त्यातली जुनी रीत भाड्याची आहे. घर वर्षभर भाड्याने दिलं तर वाजवी भाडं किती येईल ते धरायचं, दुरुस्तीखर्चापोटी १० टक्के वजा करायचे. उरतं ते करयोग्य मूल्य. त्यावर वेगवेगळ्या करांची टक्केवारी लागते. घर बाजारात कितीला जाईल याच्याशी इथे थेट संबंध नाही.

ताई, कर विभागातून आकारणीचा उतारा काढा. त्यात खोलीगणिक वापर, क्षेत्रफळ आणि करयोग्य मूल्य असतं. बिलावर फक्त बेरीज दिसते.

धागाकर्ती: आईने काल भाच्याला पाठवून उतारा काढला. घराचा भाग ५० चौ. मी., 'स्वतः', करयोग्य मूल्य ५,४००. पुढची खोली १२ चौ. मी., 'भाडेकरू, अनिवासी', करयोग्य मूल्य १६,२००. बारा मीटरच्या खोलीला पन्नास मीटरच्या घराच्या तिप्पट! मी दोनदा वाचलं.

कृष्णाकाठ_७४: आता हिशोब उलटा करून बघा, म्हणजे कागद बोलायला लागेल.

खोलीचं भाडं १,५००, वर्षाचे १८,०००, त्यातून १० टक्के गेले की बरोबर १६,२००. म्हणजे खोलीला प्रत्यक्ष भाडं धरलंय. बाबांनी भाडं खरं सांगितलं होतं, आणि आकारणी त्या वेळच्या वापराला धरूनच झाली होती. घराच्या भागाला मात्र प्रत्यक्ष भाडं नाही, तिथे त्या भागासाठी ठरवलेला दर लागतो. ५,४०० म्हणजे वजावटीआधी ६,०००, महिन्याला ५००, आणि ५० मीटरला ५०० म्हणजे मीटरला १० रुपये.

आता खोलीही स्वतःच्या वापरात धरा. १२ मीटर गुणिले १०, महिन्याला १२०, वर्षाचे १,४४०, १० टक्के वजा करून १,२९६. घराचे ५,४०० मिळवले की ६,६९६. आज तुमचं एकूण २१,६०० आहे. काकांच्या उताऱ्यावर काय आकडा आहे?

धागाकर्ती: काकांना फोन केला. ६,६९६. अगदी तोच. अंगावर काटा आला खरंच. दोन भावांची घरं कागदावरसुद्धा पुन्हा सारखी होतील. पण इतकी वर्षं बाबा हे भरत होते, आणि शिंपी गेल्यावरही भरत राहिले, याचं वाईट वाटतंय.

गोडोलीकर: ताई, आईच्या प्रश्नाचं मी लिहितो. कासचं पाणी उतारानं येतं हे खरं, आणि आपल्याला त्याचा अभिमान आहेच. पण त्याची पाणीपट्टी वेगळी असते, घरपट्टीत ते धरायचं नाही. तलावातून पाणी खाली आलं तरी ते शुद्ध करायचं, टाक्यांत भरायचं, पेठेपेठेत सोडायचं, फुटलेली पाइप रात्री जोडायची, हे आपोआप होत नाही. घरपट्टी जाते ती घंटागाडी, सोनगावच्या डेपोतला कचरा, गटारं, रस्त्यावरचे दिवे, अग्निशमन, बागा, दवाखाने अशा रोजच्या कामांकडे.

आणखी एक. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली, त्याबदल्यात शासन सहायक अनुदान देतं आणि पगाराचा मोठा भार त्यावर चालतो. मोठे रस्ते, मोठ्या योजना बऱ्याचदा राज्य-केंद्राच्या निधीतून होतात. हक्काचं, गावात जमा होणारं उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी. पंधराव्या वित्त आयोगाने तर शहरांचं अनुदान मालमत्ता कराच्या वसुलीशी बांधलं. वसुली रखडली की बाहेरून येणारा पैसाही अडतो. आईंना सांगा, त्यांच्या बिलातला प्रत्येक योग्य रुपया लागतोच आहे. जो जास्तीचा आहे तो मात्र त्यांनी देऊ नये.

कृष्णाकाठ_७४: सहमत. आता काय करायचं ते. नवीन चतुर्थ वार्षिक आकारणी लागते तेव्हा नोटीस येते आणि हरकतीला ३० दिवस मिळतात. पण वापर बदलला असेल तर चार वर्षं थांबायची गरज नाही, मधेही नोंद दुरुस्त करता येते. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा. सोबत उताऱ्याची प्रत, जुना भाडेकरार असेल तर तो, आणि खोलीला वेगळा मीटर असेल तर महावितरणची बिलं जोडा. विजेचा वापर शून्य दिसला की फार मोठा पुरावा होतो. अर्जाची पोच शिक्का मारून घ्या. त्याच वेळी आईंचं नाव लावायचाही अर्ज द्या, मात्र घरपट्टीला नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध होत नाही. सिटी सर्व्हेला वारसनोंद वेगळी करावी लागते.

आणि बिल थकवू नका. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते. 'हरकत राखून भरत आहे' असं लिहून भरा. मागच्या वर्षांचं मागा जरूर, पण त्यावर विसंबू नका. कळवलेलं नसल्यामुळे ते अवघड जातं.

गोडोलीकर: विषयाला सोडून एक विचारतो, घरात कुणी फौजेतलं आहे का? आपल्या जिल्ह्यात घरटी एक असतो म्हणून विचारलं. २०२० पासून शहरी भागात माजी सैनिक आणि सैनिक विधवांना एका घराच्या मालमत्ता करात माफी आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो.

धागाकर्ती: काका! काका सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. आणि दर वर्षी घरपट्टी रांगेत उभं राहून भरतात. त्यांना हे माहीतच नाही. आत्ताच सांगते.

सोमवारी सुट्टी टाकून साताऱ्याला येतेय. खोलीचा मीटर वेगळा आहे, २०२१ पासूनची बिलं डब्यात सापडली, बाबांनी क्रमाने लावून ठेवलीत. काका त्यांचं डिस्चार्ज बुक घेऊन बरोबर येणार आहेत. मोजणीला माणूस आला तर खोली आवरून ठेवू का, की आहे तशीच राहू दे?

कृष्णाकाठ_७४: आहे तशीच. गाद्या आणि सायकल दिसू दे.