शब्दचर्चा : 'निषेध' करतं कोण आणि घालतं कोण?

काकतीवेस

मंडळी, एका शब्दानं गेले काही दिवस डोकं धरलंय.

लेक सातवीत आहे, इथं बेळगावातल्या मराठी शाळेत. कन्नड विषय तिला आहेच. परवा तिला घेऊन येताना चौकातल्या फलकावर नुकताच चिकटवलेला पोलिसांचा कन्नड कागद दिसला. खळ ओली होती, खालचा कोपरा सुटलेला. वरच्या ठळक ओळीवर बोट ठेवून ती एकेक अक्षर लावत गेली. नि, षे, धा, ज्ञे. मग वळून विचारलं, "बाबा, पोलीस कुणाचा निषेध कराय लागलेत?"

तिला सांगितलं, बाळा, ही जमावबंदी. पाच किंवा जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही असा हुकूम. तिचं समाधान झालं, माझं नाही झालं. आपल्याकडं निषेध करतात ती रस्त्यावरची माणसं. काळ्या फिती लावून, मूक फेरी काढून, "निषेध असो" म्हणून. आणि त्याच चौकात, दुसऱ्या लिपीत, तोच शब्द त्याच माणसांना सांगतो की जमू नका.

माझे प्रश्न दोन. मराठीत या शब्दाला हा अर्थ कसा आला? आणि ज्यांना एकच अर्ज दोन भाषांत लिहावा लागतो त्या आपल्यासारख्यांनी काय लिहावं?

जुना अनुवादक

कन्नडमधला अर्थ मूळ संस्कृतातला आहे. निषेध म्हणजे मनाई. शास्त्रानं 'कर' म्हणून सांगितलं तो विधी, 'करू नको' म्हणून सांगितलं तो निषेध. हिंदीतही 'धूम्रपान निषेध' म्हणजे विडी ओढायला बंदी, विडीविरुद्धचा मोर्चा नव्हे. कन्नड व्याकरणात नकाराच्या रूपाला 'निषेधार्थक'च म्हणतात.

मराठीतून हा जुना अर्थ गेलेला नाही, फक्त जोडशब्दांत जाऊन बसलाय. 'त्याला कसलाच विधिनिषेध नाही' असं आपण रोज म्हणतो. 'निषिद्ध' म्हणजे वर्ज्यच. एकटा 'निषेध' मात्र पार बदलला. निषेधाचा ठराव, निषेध सभा, एका देशानं दुसऱ्याला धाडलेला निषेध खलिता, या सगळ्यांत 'तुम्ही केलंत ते आम्हाला मान्य नाही' एवढाच भाव आहे.

मला यातलं मर्म असं दिसतं. निषेध म्हणजे 'नको' हा शब्द मोठ्यानं उच्चारणं. संस्कृतात तो उच्चारायचा हक्क शास्त्राला, राजाला. मराठीत तो रयतेच्या तोंडी आला. शब्दाचा अर्थ तोच राहिला, बोलणारा बदलला. लोकशाही म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी या एका शब्दाचा प्रवास सांगेन.

'लोकशाही'कडंही जरा बघा. निजामशाही, आदिलशाही यांतली ही 'शाही' फारसीतली, शहाची. आदिलशाहीचा अंमल तर आपल्या बेळगावनं पाहिलाय. त्याच शेपटाला आपण 'लोक' जोडले. पण शेपूट जुनं आहे, ते कशालाही लागतं : हुकूमशाही, नोकरशाही, घराणेशाही, झुंडशाही, दडपशाही. कन्नडमध्ये लोकशाहीला 'प्रजाप्रभुत्व' म्हणतात. प्रजा हीच प्रभू. ऐकायला भारदस्त आहे, पण प्रजा म्हटलं की माझ्या मनात राजा आधी येतो.

निपाणीकर

काकतीवेस दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा चटका मी स्वतः खाल्लाय.

काही वर्षांपूर्वी तंबाखूच्या दराबद्दल आम्हाला एक सभा घ्यायची होती. अर्ज मी लिहिला. कन्नड मला बोलता येतं, लिहिताना मात्र मराठी शब्द तसेच उचलून ठेवायची सवय. विषयात लिहिलं, 'निषेध सभेला परवानगी मिळण्याबाबत'. कचेरीतल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, बंदी असलेल्या सभेला परवानगी कशी देऊ? मला वाटलं अडवतोय. आवाज चढला. मागं रांगेत उभी असलेली माणसं पुढं सरकली.

मग त्यानंच पेन्सिलीनं माझा शब्द खोडून वर लिहिलं : 'प्रतिभटने'. म्हणाला, तुम्हाला हे म्हणायचंय ना? मला लाज वाटली. माणूस मदत करत होता आणि मी त्याला शत्रू समजून बसलो होतो.

'प्रतिभट' म्हणजे समोर उभा ठाकलेला योद्धा. त्यावरून कन्नडमध्ये प्रतिभटने म्हणजे निदर्शन. आणि आपण शब्दांनी करतो तो निषेध, म्हणजे एखाद्या कृत्याला वाईट म्हणणं, त्याला ते 'खंडने' म्हणतात. इथंही घोटाळा आहेच. मराठीत मंत्री बातमीचं खंडन करतात म्हणजे बातमी खोटी म्हणतात. कन्नड पेपरात मंत्र्यांनी हल्ल्याची खंडने केली म्हणजे हल्ला वाईट म्हटलं. आमच्याकडं एकाच घरात दोन्ही पेपर येतात, तिथं हे ध्यानात ठेवावंच लागतं.

शहापूरची लेक

मी बेळगावात वकिली करते. चर्चा शब्दांची आहे हे मान्य, पण यातले काही शब्द माणसाला कोठडीत नेऊ शकतात.

आधी फलकावरचा कागद. लोकांच्या तोंडी अजून '१४४' आहे, पण १ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात हेच कलम १६३ आहे. मराठीत याला जमावबंदी म्हणतात. पेपरवाले कधी घाईत 'संचारबंदी' लिहितात ते चूक. जमावबंदीत तुम्ही एकटे बाजारात जाऊ शकता, संचारबंदीत घराबाहेरच पडायचं नाही. असा आदेश दोन महिन्यांच्या वर चालत नाही, पुढं वाढवायचा तर राज्य सरकारनं वाढवावा लागतो.

शस्त्राशिवाय, शांततेनं एकत्र जमणं हा अनुच्छेद १९ मधला मूलभूत हक्क आहे. त्यावर सरकार घालू शकतं ते 'वाजवी निर्बंध'. माझ्या मते सगळं भांडण 'वाजवी' या शब्दात आहे. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे कलम लोकांचं रास्त मत दाबायला वापरता येणार नाही, आणि असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, म्हणजे त्यांना आव्हान देता येईल.

प्रसिद्ध करायचे, पण कुठल्या भाषेत? इथं काकतीवेस यांच्या लेकीचा प्रश्न मला फार मोठा वाटतो. १९६२ चा एक निकाल आहे, हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य. एका माणसाला स्थानबद्ध केलं, कारणं लिहून दिली ती इंग्रजीत. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं भाषांतर मागितलं, ते मिळालं नाही. पोलीस अधिकाऱ्यानं तोंडी समजावून सांगितलंय, तेवढं पुरे, असं सरकारचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही. ज्याला अडकवलंय त्याला कळेल अशा भाषेत कारणं मिळाली नाहीत तर ती मिळालीच नाहीत असं धरलं आणि त्याला सोडलं. कामाला लागल्यापासून मी हा निकाल कित्येकांना सांगितला असेल.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ सालचं केंद्राचं निवेदन आहे. त्यात म्हटलंय, ज्या तालुक्यात किंवा पालिकेत अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ ते २० टक्के असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत निघाव्यात. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात मराठी माणसं त्याहून कितीतरी जास्त आहेत. हे मागणं म्हणजे कन्नडशी वैर नव्हे. हुकूम ज्याला पाळायचाय त्याला तो वाचता यावा, एवढंच.

जाता जाता एक शब्द : 'बंधन'. आपल्याला ते राखीचं किंवा लग्नाचं. कन्नड बातमीत 'मूवर बंधन' म्हणजे तिघांना अटक.

जांबोटीकर

सगळ्यांचं वाचलं. अनुवादक सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून एका ठिकाणी अडतो. मराठीत 'नको' रयतेच्या तोंडी आलं आणि कन्नडमध्ये ते राजाकडंच राहिलं, असा कुणी अर्थ काढला तर तो अन्याय होईल. कन्नड लोकांनी त्यासाठी वेगळा शब्द घेतला, प्रतिभटने. आणि आंदोलनाला ते 'चळवळी' म्हणतात, ती आपलीच चळवळ.

'एकीकरण'च घ्या. १९२४ साली टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं, तेव्हा याच गावात कर्नाटक एकीकरणाची परिषद भरली. १९४६ साली इथल्याच मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. आणि पुढं आपल्या समितीच्या नावातही तोच शब्द : महाराष्ट्र एकीकरण समिती. दोघांनाही आपली माणसं एका राज्यात हवी होती, दोघांनी शब्दही एकच घेतला, आणि गावही एकच! १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव कन्नड राज्यात गेलं, तेव्हापासून त्याच तारखेला एकाचा राज्योत्सव, दुसऱ्याचा काळा दिन. दोन्ही शांततेनं पाळता येतात की नाही, हीच माझी नागरी स्वातंत्र्याची कसोटी.

आता शब्दांच्या फसवणुकीचे माझ्याकडचे दोन मासले. डिसेंबर २०२१ मध्ये इथल्याच सुवर्ण विधानसौधातल्या अधिवेशनात कर्नाटक विधानसभेनं धर्मांतराबाबतचं विधेयक मंजूर केलं. कन्नड पेपरांत त्याचं नाव 'मतांतर निषेध'. माझे वडील ऐंशीच्या पुढचे, कन्नड अक्षरओळख चांगली. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, मतांतराचा निषेध? म्हणजे आता वेगळं मत असणंही चालणार नाही होय? कन्नडमध्ये 'मत' म्हणजे पंथ, धर्म, आणि मतदानातलं मतही. त्यांना समजावलं. पण त्यांचा तो घाबरलेला चेहरा डोळ्यांपुढून जात नाही, कारण त्यांनी आणीबाणी पाहिलेली.

दुसरा मासला त्या आणीबाणीचाच. कन्नडमध्ये तिला 'तुर्तु परिस्थिती' म्हणतात. तुर्तु म्हणजे तातडीचं. आपलं 'तूर्त' म्हणजे सध्यापुरतं. आपल्या कानांना ती 'सध्यापुरती परिस्थिती' वाटते, आणि ती चालली २१ महिने, २५ जून १९७५ पासून २१ मार्च १९७७ पर्यंत. अनुच्छेद २१ मधला जगण्याचा हक्कसुद्धा त्या काळात कोर्टात मागता येत नव्हता. सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं, न्यायमूर्ती ह. रा. खन्नांनी मात्र एकट्यानं वेगळा निकाल लिहिला. वडील म्हणाले तसं मतांतर म्हणायचं तर ते हे. पुढं १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असं ठरलं.

जुना अनुवादक

जांबोटीकर, मान्य. माझं वाक्य एकांगी होतं. 'हक्क' तर दोघांनी एकाच ठिकाणाहून, अरबीतून घेतलाय. ते 'हक्कु' म्हणतात. उलट तिथं ते आपल्यापेक्षा काटेकोर आहेत. 'अधिकार' म्हणजे सत्ता, 'हक्कु' म्हणजे माणसाचा हक्क. आपण 'मूलभूत अधिकार'ही म्हणतो आणि 'जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार'ही म्हणतो. मी यापुढं माणसांसाठी फक्त 'हक्क' वापरीन.

काकतीवेस

सगळ्यांचे आभार. निपाणीकर, तुमच्या कारकुनाची पेन्सिल उपयोगी पडली. वॉर्डातल्या बंद पडलेल्या मराठी वाचनालयासाठी आम्ही धरणं धरणार आहोत. काल रात्री अर्ज लिहिला, डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड. मराठीत 'शांततेनं निषेध नोंदवण्यासाठी', कन्नडमध्ये 'शांतियुत प्रतिभटनेगागि'. शहापूरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणं शेवटी एक ओळ घातली : परवानगी नाकारायची झाल्यास कारणं आम्हाला लेखी आणि मराठीतही मिळावीत. लेकीनं कन्नड बाजू वाचून काढली, दोन काने चुकले होते ते तिनंच दुरुस्त केले. सोमवारी देतोय.