मदत हवी आहे: ‘आत्मवृत्त’च्या पानावरचा ‘चि. रघुनाथ’ नेमका कोणता?

नमस्कार मंडळी,

दापोलीजवळच्या मुरुडला (जंजिऱ्याचं नव्हे) आमचं जुनं घर आहे. गणपतीआधी माळा झाडताना पत्र्याच्या ट्रंकेत अण्णासाहेब (महर्षी धोंडो केशव) कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ सापडलं, १९१५ची आवृत्ती. सुरुवातीच्या कोऱ्या पानावर विटक्या शाईत ‘चि. रघुनाथ यास’ आणि खाली ‘धों. के. कर्वे’. तारीखही होती, पण मागे कधीतरी बांधणी करून घेतली तेव्हा बाइंडरने कडा मारताना सालच उडवलंय. ‘१९’ तेवढं उरलंय.

मी सह्यांची पुस्तकं जमवतो. त्यातही सही एका नामवंताची आणि प्रत दुसऱ्याची असेल, तरच जीव अडकतो. म्हणून ही घालमेल. कारण रघुनाथ दोन! एक अण्णांचे थोरले चिरंजीव र. धों., पुढे १९२७ साली संततिनियमनाचा प्रचार करणारं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढणारे. दुसरे इथल्याच मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, १८९९चे सीनियर रँग्लर (केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले). ते नात्यातले आणि अण्णांहून जवळजवळ १८ वर्षांनी लहान, म्हणजे ‘चि.’ त्यांनाही चालून जातं. पोटच्या मुलाला पुस्तक देताना बाप आडनावासकट सही करेल का? माझा कल त्यामुळे रँग्लरांकडे. बायको म्हणते, “मुरुडात घरटी एक रघुनाथ होता, तुमच्या पणजोबांचे धाकटे भाऊसुद्धा.” हेही खरंच. पण १८९३मध्ये विधवेशी केलेल्या पुनर्विवाहानंतर ज्या गावाने अण्णांना वाळीत टाकलं, तिथल्या माळ्यावर त्यांची सही आली कशी?

अण्णांचं हस्ताक्षर कोणी जवळून पाहिलंय का? या सहीत ‘धों’वरचा अनुस्वार टिंब नाही, बारीकसं वर्तुळ आहे. त्यांची ती लकब होती का? जुळवून पाहायला पत्रं कुठे मिळतील?

आणि पुस्तक टिकवायचं कसं? इथली दमट हवा तुम्हाला माहीत आहेच. कसरीने दोन पानांना भोकं पाडली आहेत, सहीचं पान अजून शाबूत आहे. एकाने लॅमिनेशन सुचवलं, त्याला कोपरापासून हात जोडले. डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर शाईवर काही परिणाम होतो का?

किंमत कृपया सांगू नका, विकायचं नाहीये.

फोटो खाली प्रतिसादात टाकतो, लाईट आली की.