‘मल्टिटास्किंग’ला मराठीत काय म्हणाल?

वेंगुर्ल्याहून: ‘बहुकार्यता’ नको, परिपत्रकातला वाटतो. निमित्त माझी आई, वय ७१. परवा चुलीवर बांगड्याचं तिखलं (तिरफळांचा मसाला घातलेलं तिखट कालवण) नि ती आडाळ्यावर सोलकढीसाठी नारळ खवत होती. खळ्यातून (अंगणातून) एका मुलाने विचारलं, सावंतवाडीची एसटी गेली काय? ती उठली, सांगून आली आणि पातेल्यापुढे थबकली. ‘‘तिरफळां घातलंय की नाय गो मी?’’ उत्तराची वाट न बघता, ‘‘तो झील खंयचो गो?’’ (तो मुलगा कुठला?) तिरफळं दोनदा पडली, हे जेवताना कळलं. विसरभोळी झाली म्हणावं, तर पाढे अजून तोंडपाठ.

गुहागरहून: अष्टावधानी! तयार शब्द असताना शोधाशोध कशाला?

वेंगुर्ल्याहून: तो कौतुकाचा झाला. मला साधा, रोजचा हवा.

रत्नागिरीहून (निवृत्त संस्कृत शिक्षक): कौतुक बाजूला ठेवा, अर्थ बघा. अष्टावधान हा काव्याचा नि स्मरणाचा जाहीर खेळ; त्यात आठ पृच्छक, म्हणजे प्रश्न विचारणारे, अवधानी कवीला आळीपाळीने विचारतात. त्यातल्या एकाचं काम ‘अप्रस्तुतप्रसंग’, म्हणजे मध्येच भलतंच बोलून लक्ष उडवायचं. अवधानी त्याला उत्तर देतो आणि अर्धा राहिलेला श्लोक जिथे सोडला तिथून उचलतो. कसब त्या परतण्यात आहे. ‘मल्टिटास्किंग’ तर १९६०च्या दशकात संगणकासाठी निघालेला शब्द.

दापोलीहून: सरांचा अप्रस्तुतप्रसंग प्रयोगशाळेतही झालाय. २०११ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी पंचविशीच्या आणि सत्तरीच्या आसपासच्या लोकांना निसर्गचित्र दाखवून साधारण १४ सेकंद लक्षात ठेवायला सांगितलं. मध्येच एक चेहरा दाखवला: बाई की पुरुष, वय किती? एफएमआरआयमध्ये (मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) दिसलं की चेहऱ्याकडे दोघांचाही मेंदू वळतो. पण तरुणांचा मेंदू चेहरा सोडून आठवणीच्या जाळ्याशी पुन्हा जोडला जातो, म्हाताऱ्यांचा चेहऱ्यातच गुंतून राहतो नि तुटलेला दुवा नीट सांधला जात नाही. चित्र त्यामुळे निसटतं.

वेंगुर्ल्याहून: म्हणजे तिरफळं डोक्यातून गेली ती त्या मुलाच्या तोंडापायी! मग ‘विसरभोळी’ चूकच. विसरली नाही, गुंतली.

गुहागरहून: आमच्याकडे सरळ ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात.

रत्नागिरीहून: नाठी म्हणजे नाहीशी झालेली, पळालेली. इथे बुद्धी पळाली कुठे? उलट हललीच नाही.

वेंगुर्ल्याहून: आईला वाचून दाखवलं. म्हणाली, ‘‘मन खळ्यातच रवला (राहिलं).’’ शब्द मिळाला बहुतेक.

देवगडहून: आमच्यात ‘ऱ्हवला’ म्हणतत हां.